सेवेतून एकोपा : निशातगंजचा अनुभव

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या व्याख्यानात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी शब्दांकित केले आहे.)



समितीने मला विषय दिला, ‘सेवा क्लबचे स्थानिक कार्य आणि सामाजिक एकता’. विषय भारदस्त आहे. एकतेवर बोलायचे म्हटले की भाषण करणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत, कारण एकता नको असे म्हणणारा माणूस सभेला येतच नाही. म्हणून मी आज एकतेची महती सांगणार नाही. निशातगंजच्या गल्ल्यांतून आमच्या क्लबने जी काही लहानसहान कामे केली, त्यांत आम्हाला काय शिकायला मिळाले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. त्यातले आपल्या मंडळाला काय उपयोगी पडेल ते शेवटी सुचवीन.

आमचा क्लब रोटरी परिवारातला. पुष्कळांच्या मनात क्लब म्हणजे पत्ते, पार्टी आणि गळ्यात हार घालून काढलेले फोटो. फोटो आम्हीही काढतो, नाही कशाला म्हणू? पण या चळवळीची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखे आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या एका वकिलाने तीन मित्रांना जमवले. त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा अभियंता आणि एक शिंपी होता. हॅरिस लहान गावातून मोठ्या शहरात आलेला होता. एवढ्या गर्दीत आपले म्हणावे असे कोणी नाही, ही त्याची खंत होती. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक घ्यायची, म्हणून नाव पडले रोटरी. आणि दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, त्यांनी हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम कोणते? शिकागोत सार्वजनिक शौचालये व्हावीत यासाठी खटपट! सेवेची सुरुवात नेहमी अशीच होते. जे काम सर्वांना हवे असते पण कोणी हातात घेत नाही, तिथून.

परक्या शहरात आलेल्या माणसाची ती खंत आपल्याला नवीन नाही. आपल्यापैकी कोणी मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत आले, कोणी सिकंदरबागेजवळच्या वनस्पती संशोधन संस्थेत, कोणी औषध संशोधनात, कोणी बँकेत, विमान कारखान्यात. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले आपले गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभर गेले, तसे उत्तर प्रदेशातही आले. प्रत्येकाने आल्या आल्या आधी शोधले ते मराठी घर. त्यात चूक काही नाही. परगावी आपल्या भाषेतले दोन शब्द कानावर पडले की अर्धा ताप उतरतो. पण निशातगंजात राहणाऱ्या मराठी माणसाचा शेजार मराठी नसतो. एका बाजूला पंडितजी, समोर सिंधी दुकानदार, मागच्या गल्लीत बडे मियाँ, वरच्या मजल्यावर पहाडी कुटुंब. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले तर मराठी घर गोमतीपलीकडे असते आणि दार वाजवायचे ते शेजारचेच. आमच्या क्लबमध्येही हीच मंडळी आहेत, आणि आम्ही दोन मराठी.

आता कामांकडे वळतो.

लखनौची ज्येष्ठातली उष्णता आपण सर्वजण जाणता. त्या महिन्यातला प्रत्येक मंगळवार इथे ‘बडा मंगल’ म्हणून साजरा होतो. रस्तोरस्ती भंडारे लागतात, पुरी-भाजी, बुंदी, सरबत वाटले जाते आणि कोणी कोणाला जात विचारीत नाही. आपल्या शेजारच्या अलीगंजचे जुने हनुमान मंदिर नवाबी घराण्यातल्या बेगमेच्या आश्रयाने उभे राहिले असे सांगतात, आणि त्याच्या कळसावर चंद्रकोर आहे. ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी या वेळी मान वर करून पाहावी. आमच्या क्लबची पाणपोई, म्हणजे इथला ‘प्याऊ’, याच दिवसांत लागते. माठ भरण्याची पाळी घरांकडे वाटून दिलेली असते. पाणपोई म्हणजे फार मोठे समाजकार्य असे मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी सहाला माठ घासायला दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे एकत्र येतात, आणि महिन्याभरात त्यांची मुले एकमेकांच्या घरी खेळू लागतात. बैठका घेऊन हे साधत नाही.

दुसरे काम रक्तदानाचे. याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण यात आपल्याला लगेच काही करता येईल. १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी आणि स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा द्यावे असा नियम आहे. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात. पण प्लेटलेट म्हणजे बिंबिका, ज्यांची डेंग्यूच्या गंभीर रुग्णाला गरज पडू शकते, त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. आता हिशेब पाहा. आपले मोठे रक्तदान शिबिर आपण उत्सवात घेतो. लखनौत डेंग्यूचा जोर त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढतो. तेव्हा शिबिरातल्या बिंबिका कधीच संपलेल्या असतात. म्हणून आमच्या क्लबने शिबिराबरोबर एक वही सुरू केली. नाव, रक्तगट, फोन, शेवटचे रक्तदान कधी केले, आणि रात्री बोलावले तर याल का, एवढेच रकाने. फोन आला की वहीतून चार जण निघतात.

त्या वहीत धर्माचा आणि प्रांताचा रकाना नाही. सुरुवातीला कोणी ठरवून तसे केले नव्हते, जागाच नव्हती. पण हळूहळू त्याचा परिणाम जाणवला. एका दिवाळीच्या तोंडावर आपल्या एका मराठी काकूंना बिंबिका लागल्या. त्या रात्री मेडिकल कॉलेजात जे तिघे पोहोचले, त्यांत एक निशातगंज बाजारातला शिवणकाम करणारा मुलगा होता, एक महानगरातले सरदारजी आणि एक आमच्या शाखेतला तिवारी आडनावाचा कारकून. काकू बऱ्या झाल्यावर त्यांनी तिघांना जेवायला बोलावले आणि पुरणपोळी वाढली. सरदारजींनी तुपाची वाटी दोनदा मागितली. त्या घरात आता कोणी ‘ते लोक’ असे म्हणत नाही. म्हणायला कोणी बंदी केलेली नाही, तोंडात येतच नाही.

मित्रहो, आता ज्या कामाने आमची खरी परीक्षा झाली त्याबद्दल सांगतो. ते काम पोलिओचे.

आजच्या तरुणांना पोलिओ म्हणजे लहानपणी घेतलेले दोन थेंब, एवढेच आठवेल. पण फार जुनी गोष्ट नाही. २००२ साली साऱ्या जगात पोलिओचे १९१८ रुग्ण नोंदले गेले, त्यातले १६०० भारतात आणि त्यातले १२४२ एकट्या आपल्या उत्तर प्रदेशात. म्हणजे जगातली दर तीन लुळी झालेली मुले मोजली तर जवळजवळ दोन आपल्या राज्यातली होती. परदेशातली तज्ज्ञ मंडळी म्हणत, पोलिओ शेवटी जाईल तो इथूनच, आणि कदाचित जाणारच नाही.

असे का होते? दाट वस्ती, उघडी गटारे, आणि वारंवार होणारी हगवण. मुलाचे आतडे सतत बिघडलेले असले की तोंडावाटे दिलेल्या लशीचा गुण कमी येतो. इतर ठिकाणी जे काम थोड्या डोसांत व्हायचे, त्यासाठी इथे आठ-आठ, दहा-दहा डोस द्यावे लागत. म्हणून पुन्हा पुन्हा फेऱ्या. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर. डोस दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई. घराच्या भिंतीवर खडूने खूण. सर्व मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, कोणी राहिले किंवा घरच्यांनी नकार दिला तर ‘एक्स’ची फुली. देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस देण्यासाठी २३ लाखांच्या वर माणसे कामाला लागत. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी यांनी मिळून हा गाडा ओढला. रोटरीने तर १९८५ मध्येच जगातून पोलिओ घालवण्याचा विडा उचलला होता.

आमच्या वाट्याला आलेली कामे साधी होती. बूथसाठी जागा मिळवणे, टेबल-खुर्च्या, बॅनर, स्वयंसेवकांचा चहा, बर्फाच्या पिशव्या वेळेवर पोहोचवणे. ते सारे जमले. अडचण आली ती फुल्यांची. काही गल्ल्यांत दर फेरीला त्याच दारांवर फुली. हे थेंब पाजले की पुढे मुले होत नाहीत, अशी अफवा पसरली होती. अफवेला पाय नसतात म्हणतात, पण ती आमच्यापेक्षा वेगाने घरोघर जात होती. आणि नकार देणारी बरीच घरे मुसलमान वस्तीतली असल्यामुळे इकडच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, की बघा, यांच्यामुळे सगळ्यांची मुले धोक्यात. पोलिओचा विषाणू एक वेळ परवडला, पण ही कुजबुज परवडणारी नव्हती.

मी एका घराची गोष्ट सांगतो. मागच्या गल्लीत एक वयस्कर खाला राहायच्या. त्यांच्या शब्दाबाहेर त्या गल्लीतली आठ-दहा घरे नव्हती. आमची चमू तीन फेऱ्या त्यांच्या दारावरून परत आली. चौथ्या वेळी आम्ही समजावणे थांबवले आणि विचारले, “खालाजान, आप ही बताइए, बात क्या है?” त्या म्हणाल्या (मी मराठीत सांगतो), “दर महिन्याला तुम्ही येता, दोन थेंब द्या म्हणता. नातवाला ताप आला तेव्हा कोणी आले का? दारापुढची नाली सहा महिने तुंबली आहे, ती कोणाला दिसली का? आमची एवढी काळजी असेल तर ती फक्त पोलिओपुरतीच का?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. अफवा हे वरचे कारण होते. खाली राग होता, आणि तो वाजवी होता. पुढे हेच साऱ्या मोहिमेच्या लक्षात आले. २००९ मध्ये उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारचे ४१ असे १०७ विकासखंड निवडून तिथे पोलिओच्या थेंबांबरोबर हात धुणे, स्वच्छता, आईचे दूध, हगवणीसाठी मीठ-साखरेचे पाणी आणि झिंक यांवर भर दिला गेला. मोठ्या योजनेत जे आले तेच खाला दारात उभ्या राहून सांगत होत्या.

आमच्या क्लबने तेव्हा काय केले? डॉक्टर सभासदांनी त्या गल्लीत दर पंधरा दिवसांनी तपासणी सुरू केली. नालीसाठी गल्लीतल्याच लोकांच्या सह्या घेऊन अर्ज दिला आणि तो अर्ज घेऊन क्लबचे सहा जण वारंवार खेटे घालत राहिले. शेजारचे युनानी हकीमसाहेब आणि मुलींच्या शाळेतल्या एक शिक्षिका यांना आम्ही आमच्या चमूत घेतले. चमूत घेतले म्हणजे फोटोपुरते नव्हे, गल्लीची यादी त्यांच्या हातात दिली. राज्यभर रोटरीने उलेमांची समिती उभी केली होती. लखनौच्या ईदगाहचे इमाम मौलाना खालिद रशीद फिरंगी महली यांच्यासारख्या धर्मगुरूंनी डोस पाजण्याचे जाहीर आवाहन केले. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदींतून सांगितले जाऊ लागले. अलीगढ, जामिया यांसारख्या विद्यापीठांची मंडळीही पुढे आली.

नाली साफ झाल्याच्या पुढच्या रविवारी खाला स्वतः बूथवर आल्या. बरोबर अकरा मुले होती. रांग लावून त्यांनी एकेकाचे तोंड उघडायला लावले आणि शेवटी आम्हालाच दरडावले, “शाई नीट लावा, मागच्या वेळी पुसट होती.” त्यानंतर त्या गल्लीच्या स्वयंसेविका त्याच. आम्हाला जाण्याची गरजच उरली नाही.

आपल्या राज्यातला शेवटचा पोलिओ रुग्ण एप्रिल २०१० मधला. देशातला शेवटचा, १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळलेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. जे होणार नाही असे तज्ज्ञ म्हणत होते ते झाले. ते कोणा एकामुळे झाले नाही. लशी सुधारल्या, सरकारने पैसा ओतला, लाखो अंगणवाडी आणि आशा भगिनी उन्हातान्हात फिरल्या. पण शेवटची फुली पुसली गेली ती खालांसारख्यांच्या हातून. ज्यांना आपण ‘अडचण’ म्हणत होतो, त्यांनीच काम पुरे केले. एकतेबद्दल माझा जो काही अनुभव आहे तो यातच आला. ज्याला आपल्यात आणायचे त्याला उपदेश न करता त्याचे गाऱ्हाणे आधी ऐकावे, ते आपले समजून सोडवावे, आणि मग त्याच्याकडे काम सोपवावे. मदत करण्यापेक्षा मदत मागण्याने माणूस जास्त जवळ येतो.

याचा फायदा पुढे कसा होतो तेही सांगतो. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. महाराष्ट्रात मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला आणि शासनाने २९ तारखेला सुट्टी दिली. आमच्या भागातही वेळा आणि रस्ते ठरवायला बसावे लागले. मी घाबरत गेलो होतो. बैठक वीस मिनिटांत संपली, त्यातली दहा मिनिटे चहाची. कारण समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांची अनोळखी नव्हती. एकाने दुसऱ्याच्या सुनेसाठी रक्त दिलेले, दुसऱ्याने पहिल्याच्या गल्लीत डोस पाजलेले. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ओळख करून घ्यायला गेलो तर उशीर झालेला असतो. ती आधीच साठवून ठेवावी लागते, बँकेतल्या ठेवीसारखी.

आता थोडे आपल्या मराठी मंडळींबद्दल. लखनौला आलेली थोर मराठी माणसे कशी वागली, हे आपण आठवले पाहिजे. डिसेंबर १९१६ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक इथे आले. तरुणांनी त्यांची गाडी स्वतः ओढत मिरवणूक काढली. त्या तरुणांत रामप्रसाद बिस्मिल होते आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवले आहे. ज्यांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला त्याच टिळकांनी याच शहरात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातल्या करारामागे आपले वजन उभे केले. त्या कराराचे गुणदोष इतिहासकार आजही मांडतात, आणि तेव्हाही टिळकांच्या स्वतःच्या माणसांनी त्यांच्यावर टीका केली. पण एकजुटीसाठी आपल्याच लोकांची नाराजी पत्करावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. तेही वकील, पॉल हॅरिससारखेच. वकिलांना आपण उगाच नावे ठेवतो! मुंबईच्या या माणसाने जयपूरच्या मुहम्मद अली खाँसाहेबांकडून, रामपूरच्या वझीर खाँसाहेबांकडून विद्या मिळवली, घराण्याघराण्यांतल्या शेकडो चिजा गोळा केल्या, आणि १९२६ मध्ये राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली या अवधच्या मंडळींच्या साथीने लखनौत मॅरिस कॉलेज उभे केले. तेच आजचे भातखंडे विद्यापीठ. पुढे पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांनी तिथे आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. आणि गंमत पाहा, बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत ज्यांचा तबला महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, ते उस्ताद अहमदजान थिरकवाँ उत्तरायुष्यात याच लखनौच्या विद्यालयात शिकवीत होते. आपला माणूस इकडे आला, इकडचा माणूस तिकडे गेला, आणि दोन्हीकडे काम झाले. भातखंड्यांनी इथे मराठी मंडळींपुरते गायनगृह काढले असते तर आज त्यांचे नाव विद्यापीठावर नसते.

आपल्याच सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यातल्या गोटखिंडी गावात, १९८० पासून गावचा गणपती मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून आत घेतली, आणि ती प्रथाच पडली. गावकऱ्यांनी एकतेचा ठराव केला नव्हता, पाऊस पडत होता आणि मूर्ती सांभाळायची होती. २०२० मध्ये महामारीच्या वर्षी मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्त आणि प्लाझ्मा गोळा केले. उत्सव सार्वजनिक असणे याचा अर्थ मला या दोन उदाहरणांतून जास्त कळतो.

आपल्या मंडळात दरवर्षी एक वाद होतो, आणि तो इथे उघड बोललेला बरा. एक मत असे की हा उत्सव मराठी माणसांचाच राहू द्या, नाहीतर आपली भाषा, आपली आरती, आपले मोदक सगळे हरवेल. दुसरे मत असे की सर्वांना बोलवा, नाहीतर दहा वर्षांनी मंडपात फक्त आमच्यासारखे पिकली पाने उरतील. मला दोन्ही बाजूंची काळजी खरी वाटते. माझे म्हणणे एवढेच की आरती मराठीतच राहू द्या, सुरेल आणि शुद्ध राहू द्या, मुलांना ती पाठ करून घ्या. शेजाऱ्याला आरतीसाठी मराठी शिकावे लागणार नाही, तो टाळ्या वाजवील. पण मंडपाचे काम मात्र सर्वांत वाटा. जो पाहुणा म्हणून येतो तो प्रसाद घेऊन जातो. ज्याच्याकडे काम असते तो दुसऱ्या दिवशीही येतो.

म्हणून तीन सूचना करतो, फार खर्चाच्या नाहीत. पहिली, या उत्सवातच रक्तदात्यांची वही सुरू करा, आणि डेंग्यूच्या दिवसांत ती चालती ठेवा. आमच्या क्लबची वही आम्ही त्याला जोडून देऊ. दुसरी, विसर्जन आणि निर्माल्य. गोमतीची अवस्था आपण रोज निशातगंजच्या पुलावरून पाहतो. मूर्ती शाडूची घ्या, विसर्जन कुंडात करा. निर्माल्य नदीत न टाकता वेगळे जमवा. वाहिलेल्या फुलांपासून गुलाल करण्याचे तंत्र पुलापलीकडच्या आपल्याच वनस्पती संशोधन संस्थेने विकसित केले आहे, तिथे आपली माणसे आहेत, त्यांना विचारा. निर्माल्याच्या टोपल्यांवर गल्लीतली मुले नेमा, सगळ्या घरांतली. तिसरी सूचना अशी की उत्सवाच्या दहा दिवसांपैकी एक संध्याकाळ गाऱ्हाण्यांसाठी ठेवा. भाषणे नकोत, माझेही नको. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या लोकांना बोलवा आणि विचारा, तुमची काय अडचण आहे? त्यातले एक काम निवडा आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत तडीस न्या. एकच, पण पुरे.

आमच्या इतरभाषिक मित्रांना माझे मराठी किती कळले ठाऊक नाही. ते मान डोलावीत होते, आता ती लखनौची तहजीब होती की खरोखर पटले, हे मी चहाच्या वेळी विचारीन. या शहराची ‘पहले आप’ म्हणण्याची रीत जगप्रसिद्ध आहे. दारातून जाताना ती शोभते. पण सेवेच्या बाबतीत मात्र आपण थोडे लखनौपण बाजूला ठेवू आणि म्हणू, ‘पहले हम’.

वही मी बरोबर आणली आहे आणि बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. जाता जाता आपला रक्तगट लिहून जावे, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!